मीटरवरचा आकडा, तारेवरचा आकडा

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय पाहून काहीजणींनी सकाळीच मला गाठलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं सत्र झालं, रेशनकार्डाचं व्हायचं आहे, मध्येच हे लाईटचं मीटर कुठून आलं? ते तर वायरमनचं काम. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्या केंद्रात बाई येते तेव्हा आपण तिच्याकडून काय काय लिहून घेतो ते आठवा. मारहाण, दारू, संशय, दागिने काढून घेणं, मुलं हिसकावणं. पण तिला थोडं आणखी बोलू दिलं की मागाहून येतं, "अन् ताई, लाईट पण कापली." अशा एका बाईची हकिगत सांगते. नवरा दुसरीकडे संसार मांडून बसलेला. ही दोन मुलांना घेऊन सासरच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. सासऱ्यांनी तिला बाहेर काढलं नाही. काढलं असतं तर ती त्याच दिवशी आपल्याकडे आली असती. त्यांनी फक्त तिच्या खोलीकडे जाणारी वायर सोडवून ठेवली. मीटर सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा आमचं मीटर, आमची मर्जी. थोरला मुलगा दहावीला. काही दिवस मेणबत्त्यांवर निघाले. मग गल्लीतल्या एका पोराने खांबावरून आकडा टाकून दिला. त्याचे महिन्याचे पैसे ठरलेले. दोन महिन्यांनी वीज कंपनीचं भरारी पथक आलं ते सरळ हिच्याच दाराशी. कोणी कळवलं ते सांगायला नको. ज्यांनी तिची लाईट तोडली ते कायदेशीर ग्राहक राहिले आणि ही वीजचोर ठरली! पंचनाम्यावर तिने सही केली, कारण साहेब 'इथे सही करा' म्हणाले.

या केसचे कागद समोर आले तेव्हा जाणवलं की एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला समुदाय संघटन शिकवलं, केसवर्क शिकवलं, पण लाईट बिल वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी वस्तीतल्याच एका निवृत्त वायरमनकाकांकडून शिकले. त्यांची शिकवायची पद्धत फार चांगली होती. प्रत्येक गोष्ट ते आधी मीटरसमोर उभं करून दाखवायचे आणि मगच बिलाकडे वळायचे. मीही तसंच करते.

आपल्या भाषेत मीटरवर असतो तोही आकडा आणि चोरीसाठी तारेवर टाकतात तोही आकडा. पहिला वाचता आला पाहिजे, दुसऱ्यापासून जीव वाचला पाहिजे. आणि या दोन आकड्यांच्या मध्ये बाईचं नाव कुठे येतं, तेही बघायचं आहे.

तर युनिट म्हणजे काय? हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री सलग तापत राहिली तर तासाला एक युनिट. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड अर्धा तास घातला तर पाऊण युनिट. रोज घातला तर महिन्याला साडेबावीस युनिट. उलट नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास लावला तरी महिन्याला दीड-पावणेदोन युनिटच होतात. म्हणून 'दिवा बंद कर, बिल वाढतंय' असं सुनेला ओरडणाऱ्या सासूबाईंना सांगा की दिव्याने बिल वाढत नाही. जुना, पंचाहत्तर वॅटचा पंखा वीस तास फिरला तर रोजचा दीड युनिट, महिन्याचे पंचेचाळीस. घरात सगळ्यात जास्त वीज कोण खातं हा हिशेब बायका पाच मिनिटांत करतात. महिन्याला तेल किती लागतं हे ज्यांना तोंडपाठ असतं त्यांना हे अवघड नाही.

आता मीटर. जुन्या मीटरमध्ये काचेमागे फिरणारी चकती असायची, आता बहुतेक ठिकाणी आकडे उमटणारं इलेक्ट्रॉनिक मीटर आहे. त्याच्या पडद्यावर आकडे बदलत राहतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, आणि मग एकूण युनिट. युनिटच्या आकड्याशेजारी इंग्रजीत 'केडब्ल्यूएच' अशी अक्षरं दिसतात. ज्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत त्यांना आम्ही ती कागदावर मोठी काढून देतो, चित्र ओळखावं तशी त्या ओळखतात. हा एकूण आकडा मीटर बसवल्यापासून वाढतच जातो, महिना संपला म्हणून शून्यावर येत नाही. दशांशचिन्हानंतरचे आकडे सोडून द्यायचे. आजचा आकडा वजा गेल्या वेळचा आकडा, एवढाच आपला वापर. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतो हे मीटरवरच छापलेलं असतं. अनेक मीटरवर ३२०० असं लिहिलेलं सापडेल. जास्त वीज लागते तेव्हा तो भराभर लुकलुकतो. बायांना हे फार आवडतं. इस्त्री लावायची आणि धावत मीटर बघायला जायचं!

याच दिव्यावरून एक साधी तपासणी करता येते. घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रीज, चार्जर बंद करायचे. तरीही दिवा लुकलुकत असेल तर घरातल्या वायरिंगमधून वीज गळतेय किंवा आपल्या मीटरवर आणखी कोणीतरी जगतंय. मग मेन स्विच बंद करायचा. तरीही थांबला नाही तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधूनच कोणाची वायर गेलेली असू शकते, किंवा मीटरमध्येच दोष असू शकतो. स्वतः उघडून बघायचं नाही. सीलला हात लावायचा नाही, कारण सील तुटलेलं दिसलं की संशयाचं पहिलं बोट आपल्याकडे. आकडा आणि वेळ लिहून घ्यायची, मोबाईल असेल तर फोटो काढायचा आणि लेखी तक्रार द्यायची. तक्रारीची पोच घ्यायची. फोनवर केली तर तक्रार क्रमांक वहीत. विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. बऱ्याच मीटरवर 'अर्थ' दाखवणारा वेगळा दिवाही असतो. तो सतत पेटलेला दिसला तर वीज परतीच्या तारेऐवजी दुसऱ्याच वाटेने जातेय. ती वाट ओल्या भिंतीची किंवा नळाच्या पाइपाची असू शकते. अशा वेळी वायरमनला उद्यावर ढकलू नका.

बिलावर पहिल्यांदा मीटर क्रमांक बघायचा. चाळीत, गल्लीत वीस मीटर एका फळीवर असतात आणि शेजारणीचं बिल आपण भरत राहतो असंही घडलेलं आहे. मग मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यातला फरक. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी 'लॉक', 'फॉल्टी' असा शेरा असेल तर ते बिल वाचून काढलेलं नाही, सरासरीने काढलेलं आहे. सरासरीचं बिल कमी आलं म्हणून खूश होऊ नका. पुढे कधीतरी खरं रीडिंग होतं आणि सगळं एकदम अंगावर येतं. २०२० सालच्या टाळेबंदीत हेच झालं. मार्चच्या अखेरीपासून घरोघरचं रीडिंग थांबलं, बिलं सरासरीने निघाली आणि जूनमध्ये उन्हाळ्याच्या महिन्यांचं बिल एकदम हातात पडलं. घरी रोजगार नाही, हातात पैसा नाही, आणि त्यात ही रक्कम. तेव्हा ज्या थोड्या बायकांनी महिन्याच्या महिन्याला आकडा लिहून ठेवला होता त्या काउंटरवर वहीच घेऊन गेल्या. बिल बरोबर आहे की चूक हे त्यांना ठामपणे सांगता आलं. बाकीच्या रांगेत नुसत्या रडत होत्या. असं साठलेलं बिल आलं की ते तेवढ्या महिन्यांत वाटून लावलंय ना, हे विचारायचंच. का, ते आता सांगते.

आपल्याकडे घरगुती विजेला एकच दर नाही, टप्पे आहेत. महिन्याला पहिले १०० युनिट सर्वात स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, पुढे ५०० पर्यंत आणखी महाग आणि त्यावर त्याहून महाग. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या दरात गेली काही वर्षं जवळजवळ दुपटीचा फरक आहे. तीन महिन्यांचे २४० युनिट एकाच महिन्याचे धरले तर १४० युनिट महागात पडतात. वाटून धरले तर सगळे स्वस्तात बसतात. टप्प्याचा फायदा मीटरमागे मिळतो, चुलीमागे नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण गरिबाची सगळ्यात मोठी लूट इथे होते.

समजा एका खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि साठ वॅटचा टीव्ही रोज पाच तास. दिव्यांचे तीन-सव्वातीन, पंख्याचे पंचेचाळीस, टीव्हीचे नऊ, मिळून सत्तावन्न युनिट. स्वतःचं मीटर असेल तर ही बाई पहिल्याच टप्प्यात राहते. पण घरमालकाने अशा पाच खोल्या एका मीटरवर लटकवल्या तर महिन्याला २८५ युनिट होतात आणि त्यातले १८५ महागाच्या टप्प्यात जातात. घरमालक काही हे स्वतःच्या खिशातून भरत नाही. तो पॉइंटप्रमाणे पैसे लावतो: दिव्याचे इतके, पंख्याचे इतके, फ्रीज आणला की इतके. वापर कितीही असो. बाई गावी गेली तरी पॉइंट चालूच! प्रत्येक स्वतंत्र मीटरला स्थिर आकार वेगळा द्यावा लागतो, हे मी लपवत नाही. तो धरूनही साध्या खोलीचा हिशेब बहुतेक वेळा स्वतंत्र मीटरच्याच बाजूने बसतो. तुमच्या वस्तीतल्या दहा घरांचा मांडून बघा.

आता तारेवरचा आकडा.

वीजचोरी म्हटलं की वर्तमानपत्रात झोपडपट्टीचा फोटो येतो, तारांचं जाळं दाखवणारा. मीटरमध्ये फेरफार करून वातानुकूलन यंत्रं चालवणारे बंगले त्या फोटोत नसतात. हा दुटप्पीपणा आपण बोललाच पाहिजे. पण त्याचबरोबर आपल्या वस्तीतली चोरी म्हणजे काही गरिबाचं बंड नाही, हेही बोलू या. खांबावरून वीज घेऊन ती घराघरांत विकणारा जो कोणी दादा असतो, तो बायांकडून रोख घेतो, पावती देत नाही, आणि एक महिना चुकला तर स्वतः येऊन वायर ओढून नेतो. रात्री-अपरात्री 'लाईट बघायला आलो' म्हणून एकट्या बाईच्या दारात उभा राहणाराही तोच. हे मला तीन वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या बायांनी सांगितलं आहे. अधिकृत जोडणी मिळत नाही, कागद पुरे नाहीत, घरमालक सही देत नाही, म्हणून बाई त्याच्याकडे जाते. चोरी करायची हौस कोणाला असते?

या तारेने जीव जातो तो प्रामुख्याने कोणाचा, याचा विचार करा. दिवसभर घरात कोण असतं? ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या फरशीवर कोण वावरतं? पत्र्याच्या घराला टेकून भांडी कोण घासतं, आणि लोखंडी तारेवर ओले कपडे वाळत कोण घालतं? देशात शॉक लागून दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीतच असतं. ही सगळी काही चोरीची वीज नव्हे. पण चोरीच्या तारेवर आपल्याला वाचवणारं काहीच नसतं. अधिकृत जोडणीत फ्यूज किंवा एमसीबी असतो. वायर तापली, शॉर्ट झाली की तो तोडतो. आकड्याच्या वायरवर तो नसतो. अर्थिंग नसतं. सांध्यावर चिकटपट्टीच्या ऐवजी पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. ते उन्हाने तडकतं, पहिल्या पावसात पाणी आत जातं आणि अख्खा पत्रा जिवंत होतो. एका घराचा पत्रा दुसऱ्याच्या पत्र्याला लागलेला, म्हणजे चोरी कोणाची आणि शॉक कोणाला!

शॉक किती लागला तर माणूस मरतो? नऊ वॅटचा तो बारीक एलईडी दिवा जेवढा प्रवाह घेतो, म्हणजे साधारण चाळीस मिलीअँपिअर, तेवढा छातीतून गेला तरी जीव जाऊ शकतो. मुठीत तार आली तर स्नायू आखडतात आणि सोडावीशी वाटली तरी मूठ सुटत नाही. आपण म्हणतो ना, 'चिकटून राहिली'. एक गैरसमज इथे दूर करते. एमसीबी वायरला आग लागण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नव्हे. चाळीस मिलीअँपिअरवर तो हलतसुद्धा नाही. माणसासाठी वेगळी वस्तू मिळते, आरसीसीबी. काहीजण तिला ईएलसीबी म्हणतात. तीस मिलीअँपिअरची, आयएसआय खुणेची घ्यायची. बचत गटातून टीव्हीसाठी कर्ज देतो, मग यासाठी का नको? मी तर आधी यासाठीच द्या म्हणेन.

कोणी चिकटलं तर धावत जाऊन हात धरू नका. मायलेकी एकीपाठोपाठ एक अशा जातात त्या याच मायेने. आधी मेन स्विच. तो मिळत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर ढकलायची. आणि आकड्याच्या वायरला मेन स्विचच नसतो, हेही आत्ताच ध्यानात घ्या. रस्त्यावरची मोठी तार तुटून पडली असेल तर जवळही जायचं नाही, कंपनीला कळवून वीज बंद होईपर्यंत लोकांना लांब ठेवायचं.

गावाकडून आलेल्या मैत्रिणींना वेगळंच माहीत आहे. शेताच्या कुंपणात रानडुकरांसाठी वीज सोडतात, तीही बहुतेक आकड्याचीच. पहाटे गवताला, सरपणाला जाणारी बाई त्यावर पडते. असा मृत्यू अपघात म्हणून मिटवू देऊ नका, तो गुन्हा आहे. शिवाय आकड्यांचा भार कोणी मोजलेला नसतो, त्यामुळे डीपी जळते आणि सगळा गाव आठवडाभर अंधारात. पिठाची गिरणी बंद, नळाला पाणी नाही. मग पाणी डोक्यावरून कोण आणतं ते तुम्हीच सांगा.

विजेच्या अपघातात कोणी गेलं तर विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करून घ्या, पोलीस पंचनाम्यावर थांबू नका. 'तार चोरीची होती, आमचा संबंध नाही' असं कंपनी म्हणाली तर गप्प बसू नका. मध्य प्रदेशात १९९७ साली रात्री सायकलवरून जाणारा एक कामगार पाण्यातल्या जिवंत तारेमुळे दगावला. ती तार कोणीतरी चोरून वीज घ्यायला टाकली होती, असा तिथल्या विद्युत मंडळाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो मानला नाही आणि त्याच्या पत्नीच्या बाजूने भरपाई कायम केली. इतकी धोकादायक वस्तू लोकांमधून नेणाऱ्याची जबाबदारी अशी झटकता येत नाही, असा त्याचा अर्थ. चोरी करणाऱ्यालाच भरपाई मिळते असा मात्र अर्थ काढू नका. तो माणूस वाटसरू होता.

आता कायदा. २००३ च्या विद्युत कायद्यातलं कलम १३५ वीजचोरीचं. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. छोट्या भाराच्या चोरीत पहिल्या वेळचा दंड मिळवलेल्या फायद्याच्या किमान तिप्पट, दुसऱ्या वेळी सहापट. कलम १५२ खाली तडजोडीची रक्कम भरून फौजदारी खटला मिटवता येतो. कायद्यातल्या तक्त्यात घरगुती वापरासाठी ती किलोवॅटला ४००० रुपये आहे. पण ही सोय एकदाच, आणि वापरलेल्या विजेच्या आकारणीचं बिल वेगळं. आकारणीची रक्कम भरल्यावर ४८ तासांत पुरवठा जोडून द्यायचा असतो, असं २००७ च्या दुरुस्तीत आहे.

याच कलमात एक परंतुक आहे, ते मी दोनदा वाचलं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घराची झडती घ्यायची तर त्या घरात राहणारा प्रौढ पुरुष हजर पाहिजे. हेतू चांगला असेल, रात्री बायांना त्रास होऊ नये असा. पण शब्द बघा, प्रौढ पुरुष! वीस वर्षं घर एकटीने चालवणारी बाई झडतीच्या कागदावर घराची माणूसच नाही. तरी आज ते आपल्या उपयोगाचं आहे. रात्री पथक आलं आणि घरात पुरुष नसेल, तर 'कायद्याने आत्ता झडती घेता येत नाही, सकाळी या' असं बाई शांतपणे सांगू शकते. दिवसा आले तर ओळखपत्र मागायचं. जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्याची प्रत द्यावीच लागते. वाचता येत नसेल तर वाचून दाखवणारी शेजारीण बोलावल्याशिवाय सही करायची नाही. मीटरचा आकडा आणि सीलची स्थिती त्यात लिहिली आहे की नाही ते बघायचं.

नोटिशीवर कलम कोणतं आहे तेही पाहायचं. १२६ असेल तर तो अनधिकृत वापर, चोरी नव्हे. त्यात आधी तात्पुरती आकारणी येते आणि तिच्यावर लेखी हरकत घेता येते. घरी शिलाई मशीन, पापड, शिकवणी, छोटं पार्लर चालवणाऱ्या बायांना याच कलमाची भीती दाखवतात. महाराष्ट्रातल्या दरपत्रकात घरातल्या अशा उद्योगाला महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटपर्यंत घरगुतीच दर लागतो. हे दरपत्रकाचं पान झेरॉक्स करून प्रत्येक बचत गटाच्या फाइलीत ठेवा. बिलाच्या इतर तक्रारींसाठी कंपनीचा कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग मुंबई आणि नागपूरचे विद्युत लोकपाल अशी पायरी आहे. चोरीची प्रकरणं मात्र मंचाकडे जात नाहीत. मीटर वापरापेक्षा जास्त दाखवतंय अशी तक्रार असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे पाच दिवसांत तपासणीसाठी दुसरं मीटर लावून द्यायचं असतं, आणि ते किमान तीन महिने ठेवायचं असतं. थकबाकीसाठी लाईट तोडायची तर पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी, कलम ५६. वायरमनने येऊन तोंडी सांगितलं ती नोटीस नव्हे.

आणि आता नाव. आपण चळवळीतल्या बाया मालमत्ता बाईच्या नावावर व्हावी असं म्हणत आलो. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. आज आवास योजनेतलं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं आणि मग मीटरही तिच्या नावावर येतं. ही चांगलीच गोष्ट आहे. लाईट बिल मालकी सिद्ध करत नाही, पण ती तिथे राहते हे सांगणारा तो सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांत चालणारा कागद आहे. परित्यक्तेला त्याची किंमत विचारा. पण कलम १३५ असंही म्हणतं की ग्राहकाकडे चोरीचं साधन सापडलं तर ती चोरी ग्राहकानेच केली असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. ग्राहक कोण? जिच्या नावावर मीटर आहे ती. नवऱ्याने एजंटकडून मीटर 'स्लो' करून घेतलं, पोराने वर वेल्डिंगचं दुकान काढून थेट वायर घेतली, तरी कोर्टाची तारीख आईच्या नावाने येते. नावाबरोबर मीटर तिच्या नजरेखाली आलं नाही तर हे नाव म्हणजे नुसतं ओझं. म्हणून मी वाचनाचा एवढा आग्रह धरते. जी दर महिन्याला आकडा लिहिते तिला मीटर अचानक मंदावलेलं पहिल्याच महिन्यात कळतं. तिने तेव्हाच कंपनीला लेखी कळवून पोच ठेवली तर पुढे तोच कागद तिला सोडवू शकतो. नवऱ्याविरुद्ध असं लिहून देणं सोपं नाही, मला माहीत आहे. कित्येक घरांत त्या पत्राची किंमत मार असते. म्हणून असं पत्र बाईने एकटीने नेऊ नये, संघटनेच्या शिक्क्यासह जावं.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईचं काय झालं ते राहिलं. तडजोडीची रक्कम आणि आकारणी गटाच्या कर्जातून भरली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली निवास आदेशाचा अर्ज केला आणि त्यात वीज तोडणं हा आर्थिक छळ आहे, पुरवठा पूर्ववत करून द्यावा, अशी मागणी स्वतंत्र कलम घालून लिहिली. तुम्हीही अर्जात हे नेहमी लिहा. मागितलं नाही तर न्यायालय आपणहून देईलच असं नाही. त्याच वेळी तिच्या स्वतःच्या नावाने नवीन जोडणीचा अर्ज दिला. सासऱ्यांनी ना-हरकत दिली नाही. पण विद्युत कायद्याचं कलम ४३ मालकाप्रमाणेच तिथे राहणाऱ्यालाही वीज मागायचा हक्क देतं. घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, कंपनीने फक्त अर्जदाराचा ताबा आहे की नाही एवढंच बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं आहे. तो निकाल आम्ही अर्जाला जोडला. काउंटरवरच्या साहेबांनी 'हे कुठून आणलंत?' असं विचारलं आणि तीन फेऱ्यांनंतर अर्ज घेतला. आता पूर्ण अर्ज दिल्यावर जोडणी महानगरात तीन, इतर नगरपालिका हद्दीत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यायची असते. तिला यापेक्षा बरेच जास्त दिवस लागले. मीटर लागलं तेव्हा पोराची दहावी होऊन गेली होती.

आता जेवणाआधी अर्धा तास आहे. या इमारतीचं मीटर जिन्याखाली आहे. वह्या घ्या, चष्मे घ्या, पाच-पाच जणींनी या. मी आतली इस्त्री लावून ठेवते.